खंडेनवमीला पुसलेली वेबसाइट

माझ्या मावशीचं वधू-वर सूचक केंद्र अकोल्याला जठारपेठेत होतं, म्हणजे तिच्या घराच्या पुढच्या खोलीत. मी अमरावतीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, आणि केंद्राची वेबसाइट मी करून दिली होती. ती वेबसाइट एका खंडेनवमीला सकाळी, आंघोळ झाल्यावर आणि पूजेला बसण्याआधी, माझ्या काकांनी समूळ पुसून टाकली. चोरी नाही, व्हायरस नाही, घरात भांडण नाही. अत्यंत श्रद्धेनं पुसली. हे आठवलं की अजून माझं डोकं तापतं, म्हणून काकांविषयी चार चांगले शब्द आधीच सांगून टाकते.

काका म्हणजे मावशीचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली. तिथे कागदाचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्गाचा कागद कायम जपायचा, आणि ड वर्गाचा काम संपलं की थोड्याच काळात नष्ट करायचा. ड वर्गाचे गठ्ठे ओळखून बाजूला काढण्यात काकांचा हातखंडा होता, आणि साहेब लोक त्यांची तारीफ करायचे. निवृत्त झाल्यावर नष्ट करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घराकडे मोर्चा वळवला. मावशीचे मसाल्याचे डबे, जुन्या चपला, दिवाळीचे कंदील, सगळ्यांना वर्ग मिळाले. माझ्या एका आतेभावाला तर त्यांनी चारचौघांत ड वर्गात टाकलं होतं. माणूस मनानं मात्र लोण्याचा. मी परीक्षेला अकोल्याला आले की माझ्यासाठी पहाटे उठून बंबात पाणी तापवायचे.

ती वर्षं आमच्या वऱ्हाडाला फार वाईट गेली. रोज सकाळी पेपर उघडला की कुठल्या तरी गावच्या शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी असायची, आणि बरेचदा गाव ओळखीचं निघायचं. मावशीच्या केंद्रात तीच बातमी दुसरे कपडे घालून यायची. मुलीच्या बापाला जावयाकडे शेती हवी असायची, पण जावई शेतात गेलेला चालत नसे. मग मुलं बायोडाटात नोकऱ्या लिहायची. हंगामात बियाण्याच्या दुकानात बसणारा 'मॅनेजर' व्हायचा, गावच्या पतसंस्थेत दोन महिने काढलेला 'बँकिंग क्षेत्रात' जायचा. मावशीला हे सगळं माहीत असे. बरेचदा तिनंच सुचवलेलं असे.

एकच मुलगा असा होता की जो ऐकत नव्हता. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातला. उंच, काळासावळा, तिशी ओलांडलेला, आणि बोलायला इतका सावकाश की मावशी त्याचं वाक्य स्वतःच पुरं करायची. व्यवसायाच्या रकान्यात त्यानं 'शेती' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"अरे, पुढं काहीतरी लिही ना," मावशी म्हणाली. "शेती अधिक काहीतरी."

"काय लिहू काकू? शेतीच करतो ना मी."

त्यानं पुढे बऱ्याच घरचे पोहे खाल्ले आणि सगळीकडून नकार आला. मावशीनं त्याची आशा सोडली होती, पण त्याचा फोटो मी वेबसाइटवरून काढला नाही. वेबसाइटच्या फॉर्मवर मुलींसाठी 'शेतकरी चालेल' असा एक चौकोन मी ठेवला होता. त्यावर टिक करणारी मुलगी आम्ही कोणी पाहिली नव्हती.

आणि मग अमरावतीच्या एका मुलीनं ती केली. स्वतः नोंदणी केली, टिक केली, आणि चार दिवसांनी केंद्राच्या ईमेलवर नेमकं याच मुलाविषयी लिहिलं. नवमी-दसऱ्याला ती अकोल्यात बहिणीकडे येणार होती. बहिणीला विचारून तिचा पत्ता आणि फोन नवमीच्या दुपारी कळवते, मुलानं तिथे भेटायला यावं, असं तिचं म्हणणं होतं. शेवटी एक ओळ होती, की पुण्याच्या एका नोकरीवाल्याला दसरा झाल्यावर होकार द्यायचं तिच्या भावानं ठरवलं आहे, तेव्हा भेट व्हायची असेल तर त्याच्या आधीच व्हावी. तिचा फोन नंबर आमच्याकडे नव्हता. मुलींनी नंबर दिलाच पाहिजे असं नाही, ही सोय मीच मोठ्या अभिमानानं करून ठेवली होती. म्हणजे आमच्याकडून तिच्यापर्यंतचा धागा एवढाच, आमची मेलपेटी.

मावशीनं मुलाला फोन करून कळवलं. तो पलीकडून इतका वेळ गप्प राहिला की फोन कटला असं वाटून मावशीनं पुन्हा लावला.

खंडेनवमीच्या सकाळी मी अमरावतीला बॅग भरत होते. दसऱ्याला मी मावशीकडे जाणारच होते. तेवढ्यात मावशीचा फोन आला.

"वेबसाइट उघडून नाई राहिली म्हने. त्या मूर्तिजापूरच्या पोराचा फोन आला होता. कॅफेत बसून पाहून राहिला तो कवाचा."

"तुमच्याकडं उघडते का ते पाय ना."

"आमचा कॉम्प्युटर पूजेत बसला," मावशी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी बस पकडली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, आणि सगळा रस्ताभर मी होस्टिंग कंपनीला मनातल्या मनात शिव्या घालत होते. होस्टिंग कंपनी म्हणजे आपली वेबसाइट आणि मेल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून घेणारे भाडेवाले. गडबड त्यांचीच असणार, याविषयी मला शंका नव्हती. घरातला माणूस माझ्या डोक्यातच आला नाही.

जठारपेठेत पोचले तर पुढच्या खोलीत तो मुलगा आधीच येऊन बसलेला. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा होता, आणि तो चुरगळू नये म्हणून खुर्चीला पाठ न टेकता बसला होता. समोर टेबलावर कॉम्प्युटर. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर हळदकुंकू आणि अक्षता, माउसला कुंकवाचं बोट. बाजूला कात्री, विळी, सायकलचा पान्हा, हातोडी आणि शिवणयंत्राची पेटी ओळीनं मांडलेली, मधोमध नारळ. मी चपला काढून सरळ कॉम्प्युटरकडे हात नेला, तर मावशीनं मागून मनगट धरलं.

"हात लावू नोको. पूजा झाली त्याची. आता उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हत्यार उचलत नाई आपन."

"मावशी, हे हत्यार नाही."

"पोट भरते ना त्याच्यावर? मंग हत्यारच हाये."

आमच्या आजोळी खंडेनवमीला पूजलेला विळाही कोणी त्या दिवशी उचलत नसे, गवत राहिलं तरी राहिलं. मावशी त्याच घरची होती. मी खुर्चीत बसले आणि विचारलं, की पूजेच्या आधी कॉम्प्युटरला कोणी हात लावला होता का. काका दारात उभे होते. ते प्रसन्नपणे पुढे आले.

"मी साफ केला ना. वल्ल्या फडक्यानं बाहेरून. आन् मंग अंदरून बी."

"अंदरून म्हणजे?"

"तू दाखवलं नव्हतं का, ते फाइल मॅनेजर. किती दिसापासून लाल पट्टी येऊन राहिली होती, जागा भरत आली म्हून. आज पाहिलं तं काय, सारा ड वर्ग."

मी एकेक गोष्ट विचारत गेले आणि काका एकेक गोष्ट सांगत गेले, अगदी टिपणी सादर करावी तसे. एका फोल्डरमध्ये वेबसाइटच होती. पण वेबसाइट तर आपल्या कॉम्प्युटरवर दिसते, म्हणजे मूळ प्रत घरी आहे. मग सर्व्हरवरची ती दुबार प्रत, आणि दुबार प्रत ठेवायचं कारण नाही. दुसऱ्या फोल्डरमध्ये मेल होत्या. त्या फायलींची नावं म्हणजे नुसते लांबलचक आकडे. ना विषय, ना आवक क्रमांक, ना पाठवणाऱ्याचं नाव. असा कागद काकांनी आयुष्यात कधी ठेवून घेतला नव्हता. फक्त एक फोल्डर त्यांनी जपलं. त्यात ओळीओळीला तारीख आणि वेळ होती, त्यामुळे ते त्यांनी अ वर्गात धरलं. ते सर्व्हरच्या नोंदींचं फोल्डर होतं, ज्याचा जगात कोणाला उपयोग नाही.

"आणि केराची टोपली?" मी शेवटची आशा धरून विचारलं. "पुसलेलं सगळं आधी तिच्यात जातं."

"ते बी रिकामी केली," काका म्हणाले. "सनाच्या दिवशी घरात केर ठेवाव काय?"

मग तो मुलगा खुर्चीतून सावकाश म्हणाला, "म्हंजे काका, मी बी ड वर्गात गेलो?"

"नाई नाई," काका घाईनं म्हणाले. "तुमी फोटोसहित होते, तुमी क मंधी येता. पन फोल्डर एकच होतं ना."

मी इतकी चिडले होते की हसू येत होतं. काकांना अजून काही कळलं नव्हतं. मी सांगितलं, की मूळ प्रत तीच होती. मेलही तिथेच यायच्या. आता ती मुलगी दुपारी पत्ता पाठवेल आणि तो घ्यायला आपल्याकडे पेटीच नाही. काकांचा चेहरा हळूहळू उतरला. ते बाजूच्या स्टुलावर बसले आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले.

होस्टिंग कंपनीचं ऑफिस दूर कुठल्या तरी मोठ्या शहरात होतं. मी मावशीच्या घरच्या फोनवरून नंबर लावला. पहिल्यांदा सनईसारखं काहीतरी वाजत राहिलं. मग एक मुलगा आला. त्याचं हिंदी फार गोड होतं, त्यामुळे मला आणखी राग आला.

"मॅम, ये तो आपकी तरफ से ही डिलीट हुआ है."

"हो, पता है. वापस चाहिए."

बॅकअप होतं. दर रविवारी रात्री ते सगळ्याची एक प्रत काढून ठेवत. रविवारची प्रत ते परत बसवू शकत होते, फक्त त्यासाठी मला एक अर्ज करायचा होता, आणि त्या अर्जाची खातरजमा करणारी मेल ते आमच्या नोंदवलेल्या पत्त्यावर पाठवणार होते. आमचा नोंदवलेला पत्ता म्हणजे तीच मेलपेटी, जी काकांनी पुसली होती. मी त्याला हे समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, की खातरजमेची मेल पाठवली आहे, कृपया आपली मेल पाहा. हे असं बराच वेळ चाललं. मध्ये मध्ये सनई.

"दुसरा काही रस्ता आहे का, भाऊ?" मी मराठीतच विचारलं. हिंदी संपलं होतं.

दुसरा रस्ता म्हणजे गुप्त प्रश्न. खातं उघडताना एक प्रश्न निवडून त्याचं उत्तर द्यायचं होतं, ते बरोबर सांगितलं की काम होणार होतं. खातं मीच उघडलं होतं, पण तो फॉर्म भरायला काकांना बसवलं होतं, ते शिकावेत म्हणून. फोनवरच्या मुलानं प्रश्न वाचला. आपका मनपसंद खाना?

मी फोनवर हात ठेवून काकांना विचारलं. काकांनी आधी मावशीकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"पाटोड्या," ते हळूच म्हणाले.

मी पाटोड्या सांगितलं. चूक. उत्तर याच्यापेक्षा लांब आहे, असं पलीकडून आलं, आणि आता एकच संधी आहे.

"काका, नक्की काय लिहिलं होतं?"

मुलगा खुर्चीतून उठून उभा राहिला. मावशी स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"सांगा ना," तीच म्हणाली. "पोराच्या लग्नाचा सवाल हाये."

"माह्या बहिनीच्या हातच्या पाटोड्या," काका म्हणाले.

मला ते इंग्रजी स्पेलिंगमध्ये, एकेक अक्षर, मोठ्यानं सांगावं लागलं, कारण लाइनवर खरखर होती. बहिणीच्या हातच्या. पाटोड्या. मावशीनं ते प्रत्येक अक्षर ऐकलं. बरोबर आहे, धन्यवाद मॅम, दोन तासांत काम होईल, असं पलीकडून आलं, आणि इकडे स्वयंपाकघरात एक पातेलं जोरात आपटलं. थोड्या वेळानं मावशी नवी साडी नेसून, हातात ओटीचं ताट घेऊन बाहेर आली.

"मी देवीले जातो," ती माझ्याकडे पाहून म्हणाली. काकांकडे नाही. "याहिले कॉम्प्युटरपाशी एकटं सोडू नोको. जेवायले बहिनीकडं जा म्हना."

घरचं यंत्र पूजेत, म्हणून वेबसाइट आली की नाही ते पाहायला मला कॅफेत जाणं भाग होतं. मावशीच्या हुकमाप्रमाणे काकांना बरोबर घेतलं. मुलाला म्हटलं चल, तर तो म्हणाला, घराले कोनीतरी पाहिजे, मी बसतो. खरं तर तो शर्ट सांभाळत होता.

कॅफे एका मुसलमान चाचांचा होता. पुढच्या भागात त्यांचा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा, मागे चार कॉम्प्युटर. चाचा काकांना ओळखत होते.

"क्या साहब, घरी कॉम्प्युटर असून अथी काऊन आले?"

"त्याची पूजा झाली," काका म्हणाले.

"अच्छा, म्हंजे त्याले आज छुट्टी. चांगलं हाये. आमच्या मशीनीले तं ईदलेच भेटते," चाचा म्हणाले आणि त्यांनी आम्हाला पंख्याखालची जागा दिली.

बराच वेळ काही दिसेना. मी दर थोड्या वेळानं पान ताजं करत होते आणि तेच कोरं पान येत होतं. काका माझ्या खांद्यावरून पाहत होते. मग एकदा आधी वरची गुलाबी पट्टी आली, मग कलश, मग वधू-वरांचे फोटो एकामागून एक. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. काकांनी पडद्याला नमस्कार केला. मी लगोलग मेलपेटी पुन्हा उघडून घेतली. तिच्यात रविवारपर्यंतचं सगळं परत आलं होतं. त्या मुलीची पहिली मेलही होती, म्हणजे तिचा ईमेल पत्ता हाती लागला. पण आज दुपारी यायची ती मेल नव्हती. पेटी नसताना आलेली मेल कोणी सांभाळून ठेवत नाही. ती पाठवणाऱ्याकडे परत जाते, वर 'असा कोणी माणूस इथे राहत नाही' असा शेरा मारून.

मी तिला लिहिलं, की काही बिघाडामुळे तुमची मेल मिळाली नाही, पत्ता कृपया पुन्हा कळवा, मुलगा इथे येऊन थांबला आहे. पाठवलं आणि आम्ही दोघं पेटीकडे पाहत बसलो. सणाच्या दिवशी बहिणीच्या घरी गेलेली मुलगी मेल कशाला उघडेल, हे मला कळत होतं. काकांना सांगितलं नाही. पण त्यांना ते कळलंच असावं.

"पोरी," ते म्हणाले, "माह्या हातानं त्या पोराचं लग्न मोडलं काय वं?"

दिवसभर मी या माणसावर मनातून ओरडत होते. आता त्यांचा आवाज ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांचा हात धरला. नाही म्हणावं, तर खोटं बोलण्यासारखं होतं. चाचांनी न मागता चहा आणून ठेवला. दिवे लागायची वेळ झाली तरी पेटी रिकामीच होती, तेव्हा आम्ही उठलो.

घराच्या पायरीपाशी आलो तर आतून बायकी आवाज ऐकू आला, चांगला चढलेला.

"दुपारपासून फोन लावून राहिले, एंगेज. मेल पाठवली तं परत आली, असा मानूसच नाई म्हने. वेबसाइट पाहाव तं वेबसाइट नाई. पत्ता आधी लिहून ठेवला होता म्हून आले. माझा फोटो घेऊन पळून गेले काय तुमी लोकं?"

आम्ही पायरीवरच थबकलो. दारात एक मुलगी पाठमोरी उभी होती, तिच्यामागे कडेवर लेकरू घेतलेली तिची बहीण. समोर आमचा मुलगा, हातात पाण्याचा ग्लास. वेबसाइटवरचा त्याचा फोटो जुना आणि अंगठ्याएवढा, त्यामुळे ती त्याला केंद्राचा माणूस समजली होती.

"पळालो नाई मॅडम," तो म्हणाला. "अथीच आहो. फोटो परत येऊन राहिला. ताई गेल्या आनायले."

"आनायले? फोटो काय भाजी हाये?"

"पानी घ्या."

"पानी नोको मले. तुमी इथं काय काम करता?"

त्यानं विचार केला. खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती. "मी काम नाई करत. मी वाट पाहून राहिलो."

"कोनाची?"

"एक मेल येनार होती. अमरावतीची."

बहिणीनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पदर तोंडावर धरला.

"मूर्तिजापूर?" मुलीनं विचारलं.

"हाव."

मी मागून पुढे झाले आणि वेबसाइट परत आल्याचं जाहीर केलं. कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीनं त्याच्या हातातून ग्लास घेतला, सगळं पाणी पिऊन टाकलं आणि खुर्चीत बसली. दुपारभर फोन एंगेज होता तो माझ्यामुळे, हे मी तिला त्या दिवशी तरी सांगितलं नाही. तेवढ्यात मावशी देवीहून परतली. तिनं एका नजरेत सगळं ओळखलं, पाटोड्यांचं दुःख बाजूला ठेवलं आणि पोह्यांना फोडणी दिली. पोहे घेऊन ती बाहेर आली ती ठरलेले प्रश्न मनात जुळवतच. पण त्या मुलीनं तिला सुरूच करू दिलं नाही.

"औंदा काय पेरलं?" तिनं मुलाला विचारलं.

"सोयाबीन आन् तूर. थोडा कापूस."

"तूर कशी घेतली?"

"चार तास सोयाबीन, दोन तास तूर." तास म्हणजे शेतातली पेरणीची ओळ.

"दोन? कायले? आमी सहाले एक घेतो. दोन तासाची सोयाबीनवर सावली पडते."

आणि जो माणूस सबंध दिवस कोणालाच काही उलटून बोलला नव्हता, ड वर्गात गेला तरी बोलला नव्हता, शिव्या खाल्ल्या तरी बोलला नव्हता, तो एकदम पुढे सरकून बसला.

"सावलीचं सांगू नका मले. काढनीच्या टायमाले सोयाबीन पान्यात सापडलं तं काय करता तुमी? मंग तूरच वाचवते ना?"

"आन् तुरीले अळी आली तं? मंग कोन वाचवते?"

"अळी येते म्हून पेराच नाई काय?"

"पेरू नका कोन म्हनते? एक तास पेरा म्हनते मी."

पोहे थंड झाले. तिचे भाऊ पुण्याला नोकरीला होते आणि वडिलांची शेती गेली काही वर्षं तीच पाहत होती, एवढं मला त्या भांडणातून कळलं. बाकी सगळं तुरीचंच चाललं होतं. तो टेबलावर बोटानं तासं काढून दाखवत होता, ती ती पुसून दुसरी काढत होती. मावशीनं मला दंडाला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

"हा पोट्टा मोडून राहिला वं," ती माझ्या कानात म्हणाली. "हो म्हनाव ना मुकाट्यानं. तिची तूर तिच्यापाशी."

शेवटी बहिणीचं लेकरू रडायला लागलं, तेव्हा त्या उठल्या. मुलगी चपला घालता घालता वळली.

"उद्या येते मी तुमचं शेत पाहायले," ती त्याला म्हणाली. "तुमची तूर किती उंच हाये ते पाहू."

"उद्या दसरा हाये. घरी मळनी हाये सोयाबीनची."

"मंग मळनीलेच येते."

आमच्याकडे मुलाकडचे लोक मुलगी पाहायला जातात. मुलीनं, तेही लग्नाआधी, दसऱ्याच्या दिवशी, मळणी चाललेलं शेत पाहायला जायचं असतं, असं मावशीनं तिच्या सगळ्या धंद्यात ऐकलं नव्हतं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगी बहिणीला म्हणाली, "दादाले फोन कर. पुन्यावाल्याले काई कळवू नोको म्हना." आणि त्या दोघी गेल्या.

मुलगा त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आला. आत येऊन तो पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला, शर्टाची काळजी न करता. मावशीचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता.

"काऊन भांडला रे तिच्याशी?" ती म्हणाली. "पहिल्या भेटीत कोनी असं भांडते काय? नसती आली परत, तं?"

त्यानं दोनदा वाक्य सुरू करून सोडलं. मावशीलाही त्याचं वाक्य पुरं करता येईना.

"काकू," तो म्हणाला, "किती घरी पोहे खाल्ले मी. साऱ्याहिनं इचारलं, किती एकर हाये, कोनाच्या नावावर हाये, शयरात घर घेनार काय. औंदा काय पेरलं, असं मले कोनी इचारलंच नव्हतं."

बोलता बोलता तो खिडकीबाहेर पाहायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी चष्मा काढला. मावशीनं त्याच्यापुढची थंड पोह्यांची बशी उचलली आणि म्हणाली, "आता जेवूनच जाय बाप्पा."